गोळ्या चालू, बीट चालू, तरी हिमोग्लोबिन आठावरच का अडकलंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बायको ३४ वर्षांची, दोन मुलं, जिना चढला की धाप लागते, केस गळतायत. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ७.९ होतं, तेव्हापासून आयर्नची गोळी चालू, जोडीला रोज बीट, डाळिंब, खजूर, आणि परवाचा रिपोर्ट ८.४. एक डॉक्टर म्हणतात सलाईनमधून आयर्न देऊ, घरचे म्हणतात एक बाटली रक्त लावून मोकळे व्हा, आणि तुम्ही विचारताय की यातलं नक्की काय करू.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी २२ वर्षं ओपीडी करतेय, आणि हा प्रश्न माझ्यापुढे आठवड्यातून एकदा तरी येतोच. सलाईन की बाटली हे नंतर बघू. तिच्या अंगातलं लोह जातंय कुठे, हे अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही. रक्त कमी असणं हा आजार नाही हो, ते एक लक्षण आहे, तापासारखं. ताप आला की आपण विचारतो ना कशाने आला, मग रक्त कमी आलं की तसंच का विचारत नाही?

आता तुम्ही पाठवलेला रिपोर्ट. हिमोग्लोबिन ८.४, आरबीसी ३.९, एमसीव्ही ६६, आरडीडब्ल्यू १९, प्लेटलेट ४ लाख ६० हजार. बहुतेक लोक पहिला आकडा बघतात आणि कागद घडी करून ठेवून देतात, पण खरी गोष्ट खालच्या ओळींत असते. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, तो ८० च्या वर पाहिजे, तिच्या पेशी ६६ म्हणजे फारच बारक्या आहेत. आरडीडब्ल्यू १९ म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही बऱ्या, काही अगदी खुरटलेल्या, लोह जसजसं संपत गेलं तसतशा नवीन पेशी लहान होत गेल्या. प्लेटलेट थोड्या वाढलेल्या आहेत, लोह कमी असलं की तसं होतं, त्याने घाबरू नका. एमसीव्हीला आरबीसीने, म्हणजे लाल पेशींच्या संख्येने, भागलं तर येतात जवळपास १७. हा आकडा १३ च्या वर असला तर लोहाची कमतरता जास्त संभवते, खाली असला तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या, हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या सौम्य दोषाचा, संशय घ्यायचा, कारण त्यात पेशी बारक्या असतात पण संख्येने भरपूर असतात, आरबीसी पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे रिपोर्टमध्ये ५.५ असं दिसतं. हा फक्त अंदाज आहे, पक्कं निदान नाही, पण तो कागदावरच फुकट मिळतो आणि तरी कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. थॅलेसेमिया मायनरच्या माणसांना वर्षानुवर्षं आयर्न खाऊ घातलेलं मी पाहिलंय, ज्याची त्यांना गरजच नव्हती. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांत किंवा घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ताची टेस्ट, करूनच घ्यावी, आणि विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, पण बघावा. फक्त लोह खूप कमी असताना एचपीएलसीतला ए-टू चा, म्हणजे ज्यावरून थॅलेसेमिया मायनर ओळखतात त्या हिमोग्लोबिनचा, आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून आधी लोह भरून मग टेस्ट परत करायची वेळ येते.

तर तुमच्या केसमध्ये चित्र लोहाच्या कमतरतेचंच दिसतंय. पक्कं करायला एक टेस्ट करा, सीरम फेरिटिन. फेरिटिन म्हणजे साठवणीचं लोह, कणगीत धान्य किती उरलंय तसं. १५ च्या खाली आलं तर प्रश्नच नाही, ३० च्या खाली आलं तरी मी कमतरताच धरते. पण ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे सर्दी-तापात करू नका, पैसे वाया जातील. आणि नुसतं सीरम आयर्न करून निर्णय घेऊ नका, ते दिवसभरात वर-खाली होतं आणि आदल्या दिवशी गोळी घेतली असली तर छान दिसतं. बी-ट्वेल्व्ह पण बघून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते इतकं कमी निघतं की विचारू नका. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान, दोन्ही एकदम कमी असलं की एमसीव्ही नॉर्मल दिसतो आणि डॉक्टरसुद्धा फसतात, आणि मग नुसत्या आयर्नने हिमोग्लोबिन थोडं चढतं आणि मध्येच थांबतं.

आता गोळ्यांबद्दल. गोळी नीट चालू असेल, आतड्यात शोषली जात असेल आणि बाहेर काही वाहून जात नसेल तर हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण १ ते २ ग्रॅम वाढतं. तुमच्याकडे चार महिन्यांत अर्धा ग्रॅम. म्हणजे कुठेतरी गडबड आहे, आणि ती शोधायला बहुतेक वेळा महागडी टेस्ट लागत नाही, शांतपणे बसून विचारावं लागतं.

पहिलं, गोळी खरंच पोटात जातेय का. रागावू नका पण मी नवऱ्यासमोर हे विचारतच नाही, बाईला एकटीला विचारते, आणि निम्म्या बायका सांगतात की मळमळतं, शौचाला कडक होतं, पोटात कळ येते म्हणून पंधरा दिवसांतच बंद केली, घरात बोलणी नकोत म्हणून सांगितलं नाही. दुसरं, घेते कशाबरोबर. सकाळी चहा आणि गोळी एकत्र घेतली तर त्यातलं बरंचसं लोह चहातच बांधलं जातं, शोषलं जात नाही. दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी, हे सगळं आयर्नच्या आड येतं. गरोदर बाईला आयर्न आणि कॅल्शियम एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ती बिचारी दोन्ही एकदम गिळते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि आयर्नमध्ये चार तासांचं अंतर पाहिजे, नाहीतर थायरॉईडची गोळीच वाया जाते.

तिसरी गोष्ट जी मला स्वतःला पण उशिरा कळली. पूर्वी आम्ही दिवसातून दोनदा, तीनदा गोळी लिहायचो, जितकं जास्त तितकं बरं म्हणून. पण शरीरात हेपसिडिन नावाचं एक हार्मोन आहे, लोहाचा मोठा डोस पोटात गेला की ते वाढतं आणि साधारण २४ तास आतड्याचा दरवाजा ओढून घेतं, मग दुसरी गोळी तशीच खाली निघून जाते आणि जाताना पोट बिघडवते. २०१७ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण मुलींवर हे मोजून दाखवलं, रोज दिलेल्या गोळीपेक्षा एक दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. तेव्हापासून मी दिवसाला एकच गोळी लिहिते, आणि जिला सोसत नाही तिला एक दिवसाआड. ८ च्या आसपास असलेल्या बाईला मी सुरवातीला रोज एकच देते, पोट बिघडलं तर एकाआड करते, पण बंद करू देत नाही. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर तासाभराने. अगदीच मळमळलं तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी. पाकिटावर एलिमेंटल आयर्न किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, ६० ते १०० असावं. महागच गोळी पाहिजे असं काही नाही, सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं, ती फुकट मिळते आणि उत्तम काम करते. टॉनिकच्या बाटल्यांचं लेबल वाचाल तर लोह किती थोडं आणि साखर किती जास्त ते कळेल. शौच काळपट होईल, ते गोळीमुळे, त्याने घाबरायचं नाही. पण डांबरासारखं चिकट, उग्र वास येणारं काळं शौच झालं तर ते गोळीचं नाही, पोटात रक्तस्राव आहे, त्याच दिवशी दवाखाना.

आणि आता मुख्य मुद्दा, पाळी. तिला विचारलंत का? विचारलंत तर ती म्हणेल नॉर्मल आहे. प्रत्येक बाई असंच म्हणते, कारण तिच्या आईला पण तसंच जायचं, बहिणीला पण तसंच जातं, तिला दुसरं काही माहीतच नाही. म्हणून मी "जास्त जातं का" असं विचारतच नाही. मी विचारते किती दिवस, पहिल्या दोन दिवसांत पॅड किती तासांनी बदलता, रात्री उठून बदलावं लागतं का, चादर खराब होते का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का, त्या दिवसांत लग्नाला-गावाला जायचं टाळता का. सातच्या वर दिवस, दर एक-दोन तासांनी भिजलेलं पॅड, गाठी, यातलं काहीही असेल तर ते नॉर्मल नाही.

याचा हिशोब एकदा मांडून बघा. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याला ८० मिली गेलं तर ४० मिलिग्रॅम गेलं. आपल्या भाजी-भाकरीच्या जेवणातून बाईच्या अंगात दिवसाला फार तर दीड मिलिग्रॅम शोषलं जातं, म्हणजे महिन्याला ४५. त्यातलं निम्म्याहून जास्त तर कातडी, आतडी, घाम यांतून रोजच्या झिजेतच जातं. म्हणजे ८० मिलीलाच खातं तुटीत. मग जिला १५० मिली जातंय तिचे ७५ मिलिग्रॅम दर महिन्याला जातायत, तिने कितीही बीट खाल्लं तरी कसं पुरणार? त्यात दोन बाळंतपणं, एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, आणि दोन मुलांत अंतर कमी असेल तर पहिली उसनवारी फिटायच्या आतच दुसरी. आणि अशी बाई अंगावर काढते, स्वयंपाक, शेत, नोकरी सगळं करत राहते, कारण हिमोग्लोबिन हळूहळू उतरलं की शरीर जुळवून घेतं. माझ्याकडे ५ हिमोग्लोबिनवाल्या बायका चालत आल्यात, कुणाच्या तरी आजारपणासाठी सोबत म्हणून, आणि मी सहज डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत कागदासारखं पांढरं.

तेव्हा पोटाची सोनोग्राफी करा, टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, करा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. फायब्रॉईड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघेल, तांबी बसवलेली असेल तर तिच्याने जास्त जात असेल, किंवा थायरॉईड असेल. पाळी सुरू झाल्यापासूनच असं असेल आणि दात काढल्यावर पण खूप रक्त गेलं होतं असं काही असेल तर रक्त गोठण्याचे आजार पण बघावे लागतात. उपाय आहेत, पाळीच्या दिवसांत घ्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं उपकरण ज्याने रक्तस्राव खूपच कमी होतो. कृपा करून कुणी "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं पहिल्याच भेटीत म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, दुसरं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. ज्या त्रासावर गोळीने भागलं असतं त्यासाठी अख्खं आयुष्य कंबरदुखी आणि अशक्तपणा घेऊन जगणाऱ्या बायका मी रोज बघते, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

पाळी खरंच साधी असेल तर मग पोट. शाळेतली पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा सारखा बर्फ खावासा वाटतो का हे तिला प्रेमाने विचारा, रागावून नाही. ही वाईट सवय नाही, लोह कमी असल्याची खूण आहे, आणि लोह भरलं की ती ओढ आपोआप जाते. रात्री पायांत अस्वस्थ वाटणं, पाय सारखे हलवावेसे वाटणं, हे पण त्यातलंच. अनवाणी शेतात काम असेल तर हूकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त शोषणारे जंत, त्याला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, गरोदर नसल्याची खात्री करून. शोषणच होत नसेल तर सीलिएक, म्हणजे गव्हाचं न सोसणं, किंवा पोटातला एच. पायलोरी जंतू. आणि गुडघेदुखी-डोकेदुखीला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू असतील तर जठराला जखमा होऊन रक्त जात राहतं, हे घरोघरी आहे.

इथे पुरुषांसाठी आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी वेगळं लिहिते, तुमच्या प्रश्नात नसलं तरी. यांना पाळी नाही, मग लोह जाणार कुठून? पोटातूनच. प्रॅक्टिसच्या सुरवातीच्या वर्षांत माझ्याकडे ५८ वर्षांचे एक शेतकरी आले होते, हिमोग्लोबिन ९, थकवा, बाकी तक्रार काही नाही. मी आयर्न दिलं, तीन महिन्यांत साडेअकरा झालं, ते खूष, मी खूष. वर्षभराने परत आले तेव्हा हिमोग्लोबिन ७ आणि पोटाच्या उजव्या बाजूला हाताला लागणारी गाठ, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. उजव्या बाजूच्या आतड्यातून रक्त थेंबथेंब जातं, शौचात लाल दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरतं. पहिल्याच वेळी दुर्बिणीने तपासून घेतलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं, आणि ते वर्ष त्यांना मी परत देऊ शकले नाही. तेव्हापासून लोहाची कमतरता असलेला पुरुष आणि पाळी गेलेली बाई, यांना वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी सांगितल्याशिवाय मी सोडत नाही, मूळव्याध दिसत असली तरी, आणि गोळीने हिमोग्लोबिन वाढत असलं तरी.

आहार. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून रक्त वाढतं असा समज आहे, पण १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमपेक्षा पण कमी आणि डाळिंबात त्याहून कमी. आयसीएमआरने प्रौढ बाईला दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम सांगितलीय. खाऊ नका असं नाही, पण त्यावर भरवसा ठेवून गोळी सोडू नका. त्यापेक्षा हळीव, मटकी, हरभरा, राजगिरा, माठ, चवळईची भाजी, वर लिंबू पिळून, आमटी लोखंडी कढईत, आणि जेवल्यावर तासभर चहा नाही. चालत असेल तर मटण, कलेजी, सुकट, कारण मांसाहारातलं लोह कितीतरी सहज शोषलं जातं. पण झालेली तूट जेवणाने भरत नाही. तिचं वजन ५० किलो धरलं तर हिमोग्लोबिन १५ ला न्यायला आणि साठा भरायला साधारण १३०० मिलिग्रॅम लोह लागेल. जेवण सुधारून दिवसाला १ मिलिग्रॅम जास्त शोषलं गेलं तरी साडेतीन वर्षं, ती पण पाळीत काही जादा जात नसेल तर.

आता सलाईन. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. गोळी नीट घेऊनही चार महिन्यांत वाढलं नसेल, सोसत नसेल, किंवा रक्तस्राव इतका असेल की गोळी पुरतच नाही, तर शिरेतून आयर्न देणं योग्यच. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा-सात फेऱ्या, सरकारी रुग्णालयात मिळतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत, पण महाग. कुठलंही असो, रिॲक्शन आली तर सांभाळायची सोय आहे अशाच ठिकाणी, नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, घरी नर्स बोलावून नाही. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो तो महिनोन् महिने राहतो, म्हणून जळजळलं की लगेच सांगायचं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि अंगात ताप-इन्फेक्शन असताना देत नाहीत. कार्बोक्सिमाल्टोज परत परत घेतलं तर रक्तातलं फॉस्फेट उतरतं, हाडं दुखतात, अशक्तपणा उलट वाढतो, हे लक्षात असू द्या. आणि दिल्यावर चार ते आठ आठवडे फेरिटिन करू नका, आकडा उगाच मोठा येतो.

रक्ताची बाटली नको. ८.४ वर चालती-फिरती, छातीत दुखत नाही, बसल्या जागी धाप नाही, अशा बाईला रक्त लावायचं कारण नाही. एका बाटलीने हिमोग्लोबिन १ ने वाढतं, लोह मिळतं २००-२५० मिलिग्रॅम, आणि रिॲक्शनची जोखीम फुकटात. ज्याचं रक्त आत्ता धो धो जातंय, ज्याचं हृदय कमजोर आहे, किंवा बाळंतपण तोंडावर आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली, त्यांच्यासाठी ती बाटली ठेवूया.

तर आत्ता असं करा: फेरिटिन आणि बी-ट्वेल्व्ह, पाळीची नीट चौकशी आणि सोनोग्राफी, गोळी वर सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे, मग सीबीसी, म्हणजे तुम्ही पाठवलीत तीच रक्ताची तपासणी, परत. एक ग्रॅम चढलं तर गोळीच चालू ठेवा, नाही चढलं तर सलाईनचं आयर्न घ्या, पण रक्त कुठून जातंय त्याचा शोध दोन्ही परिस्थितीत चालू राहिला पाहिजे. हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद करू नका, त्यानंतर अजून तीन महिने, कारण १२ झालं तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, कणगी रिकामीच असते, आणि इथेच सगळे थांबतात आणि सहा महिन्यांनी परत तिथेच येतात. तिला डायबेटिस असेल तर लोह कमी असताना एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, खोटं जास्त येतं, त्यावरून शुगरच्या गोळ्या वाढवू देऊ नका.

आणि घरात दोन मुलं आहेत म्हणून सांगते, ही पाकिटं उंच ठिकाणी, कुलुपात ठेवा. लहान मुलाने गोड गोळी समजून पाच-सहा खाल्ल्या तर ते खरंच जीवावरचं विष आहे, सुरवातीला उलट्या होऊन मध्ये बरं वाटतं आणि लोक निर्धास्त होतात, तेव्हा असं झालं तर बरं दिसलं तरी न थांबता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, रिकामं पाकीट सोबत घेऊन.